फुगलेल्या शेवया

बोपसंगपो,
१२ सप्टेंबर १९९४

प्रिय बुनई,
प्रभूत सलाम.

टण्ण... टण्ण... आज पहाटे अर्धवट झोपेत मला तो आवाज पुन्हा ऐकू आला. पहिला घाव कोरडा, आणि मागून येणारा नाद ओला, मिठागरांवरून घसरत खाडीपर्यंत जाणारा. आपल्या चर्चसमोर खांबाला टांगलेलं ऑक्सिजनचं रिकामं नळकांडं तुला आठवत असेल. उत्तरेशी झालेल्या लढाईनंतर सैनिक ते टाकून गेले आणि आपण त्याची घंटा केली. आता छपरावर कर्णा बसवलाय. त्यातून कुठल्याशा परदेशी घंटेची ध्वनिफीत वाजते. आपल्या गावाला तो आवाज दुसऱ्याच्या कोटासारखा ढगळ होतो.

जाग आल्यावर अंथरुणातच दोन ओळी सुचल्या:

घंटा वाजून थांबली तरी
हवेत कोणी वाट पाहतं.

माझ्या चौथीच्या वर्गात पोरं एका सुरात डोलत कविता म्हणायची तेव्हा खिडकीबाहेरचं पर्सिमनचं झाडही डोलतंय असं वाटायचं. पेन्शनीत आल्यापासून माझ्यापुढे डोलायला फक्त तुझी वहिनी उरली आहे, आणि ती डोलत नाही, डुलक्या घेते.

पत्राचं कारण वेगळंच आहे. तुझ्या लग्नाच्या दिवशी ती घंटा वाजत राहिली आणि जो नवरा मुलगा आला नाही, तो प्यो दालसू. रागावू नकोस, पुढे वाच. तू आत्याकडे बुसानला गेलीस, त्यानंतर दीड वर्षाने तो परत आला, इथलीच मुलगी केली, मासे खारवून सुकवायचा धंदा वाढवला, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते मी आजवर लिहिलं नव्हतं. दालसू परत आल्यापासून रोज पहाटेच्या प्रार्थनेला येतो आणि तुझं नाव घेऊन रडतो. मोठ्याने. आपल्याकडे सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, त्यामुळे एरवी कोणाचं पाप कोणाला ऐकू येत नाही, पण दालसूचा आवाज कोळ्याचा आहे. ‘प्रभू, मी बुनईचं आयुष्य उद्ध्वस्त केलं’ हे वाक्य गावातल्या पोरांना प्रभूच्या प्रार्थनेआधी पाठ होतं.

आणि तो प्रभुभोजन घेत नाही. भाकरीचं ताट समोर आलं की मान खाली घालतो आणि ताट पुढे सरकवतो. मी लायक नाही, म्हणतो. सुरुवातीला लोकांना वाईट वाटायचं, मग कौतुक वाटू लागलं. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, म्हणून त्याला तीनदा निवडलं, तीनदा त्याने नाकारलं, आणि त्यामुळे प्रत्यक्ष वडिलांपेक्षा त्यालाच जास्त मान आहे. आता तर त्याच्या बाकावरचेही ताट पुढे सरकवतात. ज्याने खाल्लं त्याला स्वतःच्या पापाची काही जाणीव नाही, असा समज झालाय. ईस्टरला पुढच्या तिन्ही बाकांवरून ताट भरलेलंच परत गेलं. आपले पाळकसाहेब तरुण आहेत. उरलेली भाकरी हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते.

आता मुद्दा. दालसूच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ग्वांगजूच्या डॉक्टरांनी अर्धं पोट काढलं आणि पुढच्या वर्षाबद्दल काही बोलायला ते तयार नाहीत. नोव्हेंबरात उपकारस्तुतीच्या रविवारी प्रभुभोजन आहे. मरण्याआधी एकदा ती भाकरी तोंडात पडावी असं त्याला फार वाटतं, आणि हात पुढे होत नाही. पाळकसाहेबांनी मला विनवलंय की तुझ्याकडून क्षमेच्या चार ओळी मागवाव्यात. जमलं तर जरा लयीत लिही.

तुझा,
दादा

∗

यंगदो, बुसान
२६ सप्टेंबर १९९४

दादा,
प्रभूत सलाम.

पत्र आलं तेव्हा मी दुकानात रश्श्याची चव घेत होते. पत्र वाचताना रश्श्यात मीठ दोनदा पडलं आणि माझ्या मुलाने दिवसभर माझ्याशी अबोला धरला. तेव्हा पहिलं नुकसान भरून कोण देणार ते पाळकसाहेबांना विचार.

म्हणजे इतकी वर्षं अख्खं गाव रोज पहाटे माझं आयुष्य उद्ध्वस्त करतंय आणि मला कोणी सांगितलंही नाही. मी इथे शेवयांचं दुकान चालवलं, उत्तरेतून पळून आलेल्या एका भल्या माणसाशी संसार केला, तो गेला तेव्हा रडले, तीन नातवंडांचे लंगोट बदलले, आणि तिकडे मी अजून बावीस वर्षांची, पांढऱ्या कपड्यात, दारात उभीच. एकदा मला बसा तरी म्हणायचं होतं.

तुझ्या कवितेत हवा वाट पाहते. हवा नाही रे, आम्ही पाहत होतो. तू, मी, आई, आणि चुलीवरच्या शेवया. लग्नाच्या शेवया कधी खायला घालणार, म्हणजे लग्न कधी करणार, म्हणून गाव वर्षभर मला छळत होतं. आईने पहाटेपासून लाटून, कापून, उकळून घातल्या. नवरा आला की वाढायच्या, म्हणून कोणी वाढेना. घंटा थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. शेवया रश्श्यात पडून राहिल्या आणि बोटाएवढ्या जाड फुगल्या. कोणी शिवलं नाही. शेवटी त्या डुकरांना घातल्या. तेवढं मात्र मला फार दिवस माफ करवलं नाही.

माणसाला मी केव्हाच माफ केलं होतं. आईबरोबर मागच्या अंगणात ती भली मोठी पातेली घासत होते. तो होडीने पळाल्याचं तोवर कळलं होतं. पहिलं पातेलं घासलं तेव्हा म्हटलं, देवा, त्याची होडी बुडू दे. शेवटचं पालथं घातलं तेव्हा म्हटलं, नको, पोचू दे. झालं. यात लय नाही, पण दालसूला जसंच्या तसं वाचून दाखव. माफ केलं आहे. पातेली वाळायच्या आत केलं आहे.

आणि एक. पुढच्या तिन्ही बाकांवरून ताट भरलेलं परत गेलं, असं तू लिहितोस. पेन्शनीत आल्यापासून तू तिसऱ्या बाकावर बसतोस ना?

बुनई

∗

बोपसंगपो,
१४ ऑक्टोबर १९९४

प्रिय बुनई,
प्रभूत सलाम.

तुझं पत्र घेऊन मी दालसूच्या वाड्यावर गेलो. दोरीला माशांच्या माळा लटकत होत्या आणि समुद्रावरचा वारा त्यांना एकसारखा हलवत होता. मला शाळेतली प्रार्थनेची रांग आठवली. दालसू उन्हात चटईवर बसला होता, निम्मा झालाय. त्याची बायको, जिला सगळे मुलाच्या नावावरून इनहोची आईच म्हणतात, गवताच्या दोरीत मासे ओवत होती. तिच्यासमोर वाचावं का, असं मी नजरेनेच विचारलं. ती म्हणाली, ‘वाचा की गुरुजी. बुनईताईंचं नाव ऐकल्याशिवाय या घरात कोंबडं आरवत नाही.’

मी वाचलं. होडी बुडू दे, हे ऐकून तो खूश झाला. पोचू दे, हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मग तो रडला, आणि मला वाटलं की झालं काम. पण डोळे पुसून म्हणाला, ‘बघा, केवढं मन. अशा बाईला मी टाकलं. म्हणजे माझं पाप मला वाटत होतं त्याहून मोठं निघालं.’

तेव्हापासून त्याची प्रार्थना लांबली आहे. पूर्वी तू फक्त उद्ध्वस्त होतीस, आता उद्ध्वस्त आणि संत आहेस. काल कोणीतरी विचारलं, तू जिवंत आहेस का. तुझ्या पातेल्यांवर पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं, फार सुरेख झालं, आणि ते ऐकून चौथ्या बाकानेही स्वतःला नालायक ठरवलं आहे.

पण एक गोष्ट सांगतो, यावर हसू नकोस. निघताना मी त्याला विचारलं, त्या दिवशी पळालास तरी का? तो म्हणाला, ‘घंटा ऐकली आणि घाबरलो. दुसरी बाई नव्हती, काही नव्हतं. मिठाची होडी सुटत होती, चढलो.’ मग अगदी हळू म्हणाला, ‘गुरुजी, एवढ्याशा भित्रेपणाला देव एका क्षणात माफ करून मोकळा झाला असेल, तर मग इतकी वर्षं मी कोण होतो?’

मी पर्सिमनबद्दल काहीतरी बोललो आणि घरी आलो.

तिसऱ्या बाकाबद्दल विचारलंस. तिथे उजेड बरा येतो, स्तोत्रांचं पुस्तक नीट वाचता येतं. आजूबाजूचे सगळे मान खाली घालून बसलेले असताना आपण एकट्याने चावत बसणं शिक्षकाला शोभत नाही, एवढंच. तुझी वहिनी बायकांच्या बाजूला बसून खुशाल खाते. तिला जाणीव नाही, असं लोक म्हणतात. तिचं म्हणणं, जाणीव आहे म्हणून तर खाते.

तुझा,
दादा

∗

यंगदो, बुसान
२९ ऑक्टोबर १९९४

दादा,

वहिनीला माझा सलाम सांग. घरात शिक्षक कोण आहे ते आता कळलं.

तू हसू नकोस म्हणालास म्हणून हसले नाही. चिडले. हे दालसूला वाचून दाखव, आणि आवाज चढवून वाच, वर्गात वाचायचास तसा.

दालसू, तुझी चूक चूकच होती. तिला लहान म्हणायला मी बसलेली नाही. मी महिनाभर उंबरठा ओलांडला नाही. आई बाजारात जायची तर बायका गप्प व्हायच्या. चूक नसती तर मी माफ तरी काय केलं असतं? पण तिला चूकच राहू दे. तू तिचा डोंगर केलास आणि त्यावर चढून बसलास, कारण तिथून गावाला दिसतोस. देवाचा एकुलता एक मुलगा खिळ्यांवर गेला. सगळ्या जगाला ते पुरलं. चोराला पुरलं, खुन्याला पुरलं. फक्त बोपसंगपोच्या प्यो दालसूला आखूड पडलं? एवढा मोठा कधी झालास रे तू? मासे वाळवणारा माणूस, लायकी नाही म्हणतोस आणि देवाचा निकाल फिरवतोस. तो म्हणतो सोडलं, तू म्हणतोस नाही, पुन्हा बघा. रोज पहाटे देवाला उठवून तेच. त्याच्या जागी मी असते तर कान झाकून घेतले असते. तो ऐकतो, हाच त्याचा मोठेपणा.

इतकी वर्षं मी कोण होतो, असं विचारलंस. माफ झालेला माणूस होतास. तुला तेवढ्यावर भागवता आलं नाही.

आणि माझं नाव घेऊन रडताना पलीकडच्या बाजूला तुझी बायको गुडघ्यांवर बसलेली असते. तिची माफी कधी मागितलीस?

आता पुन्हा तुझ्याशी, दादा. तू पळाला नाहीस, कोणाला दारात उभं केलं नाहीस. तुझी नालायकी कशाची? शोभत नाही म्हणून उपाशी बसणाऱ्या माणसाला मी काय म्हणू? पोरं शोभेसाठी पाठांतर करायची तेव्हा तू त्यांना छडी द्यायचास.

गेल्या आठवड्यापासून इथे वारा बोचरा झालाय. गुडघे दुखतात. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी एकटीच माझ्यापुरत्या शेवया टाकते.

बुनई

∗

बोपसंगपो,
२३ नोव्हेंबर १९९४

प्रिय बुनई,
प्रभूत सलाम.

उत्तराला उशीर झाला. कारण सांगताना थोडी लाज वाटते.

तुझं पत्र मी दालसूला वाचून दाखवलं, आवाज चढवून. तो चटईच्या काड्या उपसत राहिला. इनहोच्या आईने मात्र हातातला मासा खाली ठेवला आणि पत्र संपेपर्यंत पुन्हा उचलला नाही.

मग उपकारस्तुतीचा रविवार आला. समोर मेजावर भोपळे, नवा तांदूळ, पर्सिमनची रास. शाळेच्या निबंधात पोरं शरदाचं वर्णन करायची, अगदी तसं. भाकरीचं ताट पहिल्या बाकावरून भरलेलंच आलं, दुसऱ्यावरून आलं, आणि तिसऱ्यावर, माझ्या शेजारी, दालसूच्या हातात पडलं. त्याने हात पुढे केला. मी स्वतः पाहिलं. बोटं भाकरीच्या तुकड्यावर टेकली. सगळं चर्च श्वास रोखून बसलं होतं, आणि नेमकं तेच त्याच्या लक्षात आलं. हात मागे गेला. मान खाली. ताट माझ्याकडे.

बुनई, मी खूप कविता पाठ केल्या, पण त्या क्षणी एक ओळ आठवली नाही. आठवलं ते तुझं छडीचं वाक्य. मी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. काय सांगू, केवढा आवाज झाला. माझी कवळी नवीन आहे. त्या शांततेत मी चावतोय हे पार दारापाशी बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल. मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग मागच्याने उचलला, त्याच्या शेजारच्याने उचलला, परतीच्या वाटेवर पुढच्या दोन्ही बाकांनीही उचलला, आणि ताट परत आलं तेव्हा त्यात चुरा उरला होता. पाळकसाहेबांनी तो चुराही बोटाने टिपून खाल्ला. भाकरी न घेतलेला अख्ख्या चर्चमध्ये एकटा दालसू होता.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही मला एकटं पाडलंत.’ मी म्हटलं, हो.

सोमवारपासून तो पहाटेच्या प्रार्थनेला येत नाही. निम्मं गाव त्याच्या रडण्याने जागं होत असे, ते आता उशिरा उठतं आणि मला बोल लावतं. काल त्याच्या घरी गेलो. भिंतीकडे तोंड करून पडला होता. पेजही नको म्हणत होता. इनहोची आई जेवणाचा चौरंग घेऊन आली, त्याच्या पाठीशी ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलली. ती इतकं बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

‘लग्न झाल्यापासून रोज पहाटे तुम्ही दुसऱ्या बाईसाठी रडता आणि मी ते ऐकते. रोज मला राग येतो. रोज घरी येऊन मी भात लावते, आणि भात शिजेपर्यंत तो राग सोडते. तुम्ही तो भात खाता. माझ्या हातचं खाताना एकदा तरी विचारलंत, मी लायक आहे का? मुकाट्याने हात पुढे करता. मग चर्चमध्येच काय हाताला होतं?’

मी जोडे शोधत बाहेर आलो. चौरंगावर काय झालं ते मला माहीत नाही. आज सकाळी गेलो तर दाराला कडी होती आणि माशांच्या दोन माळा दोरीवरून उतरवलेल्या दिसल्या. ग्वांगजूच्या दवाखान्यात नेलं असणार. मला भीती वाटते, बुनई. आपण दोघांनी मिळून एका आजारी माणसाला जास्तच दुखवलं का? त्याच्याजवळ रडणं तेवढं होतं, तेही आपण काढून घेतलं.

काही कळलं की लिहितो. आज कविता नाही.

तुझा,
दादा

∗

यंगदो, बुसान
२६ नोव्हेंबर १९९४

दादा,
प्रभूत सलाम.

आजच्या दुपारच्या टपालाने तुझं पत्र आलं. लगेच लिहायला बसले, कारण तू घाबरलेला आहेस आणि घाबरलास की कविता करत नाहीस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझ्या कवळीचं वाचून मी इतकी हसले की मुलगा वरून बघायला आला. मग इनहोच्या आईचं बोलणं वाचलं आणि हसू थांबलं. मी पातेली एकदाच घासली आणि त्यावर इतकी मिजास करत आले. ती रोज भात लावत होती.

आपण त्याला जास्त दुखवलं का, विचारतोस. मलाही ठाऊक नाही. रात्रभर तेच घोकत पडणार बहुतेक. तो खरंच दवाखान्यात असेल तर ताबडतोब तार कर. मी येईन. मला त्याला सांगायचंय की होडी पोचू दे, हे मी मनापासून म्हटलं होतं. पत्रात ते टोमण्यासारखं वाटलं असेल. माझं सगळंच तसं वाटतं, तुझी वहिनी म्हणेल...

थांब. कोणीतरी दुकानाचं दार हलवतंय. फलक उलटा लावलाय, दुपारचं बंद असतं, लिहिलंय तिथे. पिठाचा माणूस असेल, त्याला वाचता येत नाही असं सोंग तो नेहमी करतो. बघून येते.

पिठाचा माणूस नाही.

दारात एक म्हातारी बाई आहे. डोक्यावर गाठोडं, त्यातून सुक्या माशांच्या शेपट्या बाहेर आलेल्या. सकाळपासून बसमध्ये बसून अंग आंबलेलं दिसतंय. मी विचारायच्या आत म्हणाली, ‘बुनईताई ना? मी इनहोची आई. पत्ता पाकिटावरून घेतला.’ आणि मग मागे रस्त्याकडे बोट केलं. तिथे विजेच्या खांबाआड, आमच्याकडे पाठ करून, कोणी एक वाळलेला माणूस उभा आहे. खांब त्याच्याहून रुंद आहे, पण त्याला वाटतंय की तो दिसत नाही.

‘भूक लागलीय म्हणतात,’ ती म्हणाली. ‘गुरुजी येऊन गेले त्या दिवशी माझ्याकडे अर्धी वाटी भात मागून घेतला. दोन दिवस ग्वांगजूला तपासणीत गेले. मग म्हणाले, आता तिच्या शेवया. त्या झाल्या की ख्रिसमसला भाकरी. आता दारापर्यंत आणलंय, तर पाय उचलत नाहीत.’

मी त्याला हाक मारली नाही, दादा. घंटाही वाजवली नाही. दार पूर्ण उघडलं, तिला आत घेतलं, आणि मोठ्याने, खांबाला ऐकू जाईल असं, एवढंच म्हटलं की पाणी उकळलंय आणि शेवया टाकल्यात, तिघांच्या.

पत्र इथेच सोडते. पावलं वाजतायत, आणि या वेळी मी त्या फुगू देणार नाही.

बुनई